कानावर पडलेलं

कासारानं निशिगंधाची बोटं दुमडून मूठ अशी आवळली होती की तो तिचा हात आहे का पिठाचा गोळा, असा प्रश्न पडावा. आणि नेमका तेव्हाच दुसऱ्या हातातला फोन थरथरला. महाद्वार रोडवरचं ते बोळकांडीएवढं दुकान, पाठीत घुसणारे बायकांचे कोपरे, काचेचा तो बारीक किणकिणाट आणि समोर हिरव्याच्या इतक्या छटा की डोळ्यांना आंबट लागावं. वहिनीच्या डोहाळजेवणाच्या बांगड्या निशिगंधानं आणायच्या होत्या, कारण तिचा आणि वहिनीचा हात एका मापाचा. स्क्रीनवर राजवीरदादाचं नाव. व्हॉइस मेसेज. गर्दीत फोन घेऊ नये, चोर असतात, असं आक्का रोज बजावायची. पण दादाचा मेसेज म्हटल्यावर कसला चोर नि कसलं काय. तिनं अंगठ्यानं दाबलं, फोन कानाला लावला, आणि कानात दादा नव्हताच. एक म्हातारी बोलत होती. बोलत होती का गात होती, तेही धड कळेना. आवाज खालून वर चढत जायचा, वर जाऊन फाटायचा आणि पुन्हा खाली यायचा, मोटेच्या चाकासारखा. त्या चढउतारात तीन शब्द निशिगंधाला ओळखीचे लागले. मोतर. नात. नुसे. बहीण. रात्र. नवरी. ओळखीचं माणूस परक्या गावच्या स्टँडवर दिसावं तशी ती हसली. "बाय, हात सैल सोड की," कासार म्हणाला, "काकण काय लोखंडाचं हाय व्हय?" तेव्हा तिला कळलं की आपली मूठ घट्ट वळलेली आहे. का वळली होती, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. बांगड्या कागदात गुंडाळून घेतल्या आणि केएमटीच्या थांब्यावर आली.

बसमध्ये खिडकी मिळाली. तिनं दादाला फोन लावला, रिंग गेली, उचलला नाही. तिकडं अजून पहाट असणार. अल्बेनिया आपल्यामागून उठतो. दादा तिकडं जाऊन दोन दिवाळ्या झाल्या. शिरोली एमआयडीसीत वडलांच्याच फौंड्रीत तो मोल्डर होता, आणि वडील हंबीरराव म्हणायचे, बापलेक एकाच भट्टीत भाजून निघण्यापेक्षा एकानं तरी थंड मुलखात जावं. मग एजंट, पासपोर्ट आणि दुरेस नावाचं समुद्राकाठचं गाव, तिथं इमारतींची कामं. सहा महिन्यांपूर्वी सुट्टीवर आला, बायकोला दिवस गेले आणि पुन्हा निघून गेला. तिथल्या एका म्हातारीच्या घरात तो खोली घेऊन राहायचा. द्रिता तिचं नाव. व्हिडिओवर ती निशिगंधाला पाहायची आणि दोन्ही गालांवर हात ठेवून "मोतर, मोतर" म्हणायची. दादानंच शिकवलं होतं, मोतर म्हणजे बहीण. त्यावर आक्का, वडलांची थोरली बहीण, सुपारी कातरता कातरता म्हणाली होती, "बहिणीला मोटर? मग भावाला काय टॅक्टर म्हणत्यात?" घर आठवडाभर हसत होतं.

पण निशिगंधा हसून थांबली नाही. दर रविवारी दादाकडून एक एक शब्द काढून घ्यायची आणि इंटरनेटवर त्याचं कूळ हुडकायची. साप म्हणजे ग्यार्पर; सर्प! रात्र म्हणजे नात, संस्कृतातलं नक्त! मोतर तर आपल्या मातृचंच भावंड, फक्त वाटेत कुठंतरी आई शब्दातून उठून गेली आणि बहीण तिच्या जागी येऊन बसली. हे वाचलं त्या दिवशी ती गच्चीवर एकटीच गिरक्या घेत होती. आणि सगळ्यात गंमत म्हणजे ती भाषा मुळात कुठनं आली ते कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतं इलिरियन म्हणून एक भाषा होती तिची ही लेक, कुणी म्हणतं थ्रेशियनची. आणि त्या दोन्ही अशा मेल्या की दगडांवरची चार नावं सोडली तर मागं काही नाही. आई मेलेली हे नक्की, पण कुठली आई ते माहीत नाही. शाळेच्या भाषा पंधरवड्यात तिनं यावर भला मोठा तक्ता केला. संस्कृतच्या त्रिशला मॅडम बघून म्हणाल्या, "सुरेख आहे गं. पण नुसे आणि स्नुषाच्या पुढं 'शक्य' असं लिही. पंडितांचं अजून भांडण चालू आहे त्यावर." तिनं पेन्सिलीनं 'शक्य' लिहिलं आणि मॅडमची पाठ वळताच पुसून टाकलं. शक्य कसलं! स्नुषा, सून, नुसे, नवरी. इतकं सरळ दिसत असताना? बक्षीस मिळालं, माइकवर बोलायला मिळालं, आणि वर्गात मागच्या बाकावर भिंतीला चिकटून बसणारी निशिगंधा त्या दिवसापासून कुठल्याही विषयावर कुणालाही समजावून सांगायला लागली. टेंबलाईवाडीत गल्लीतली माणसं हाक मारायची, "काय अल्बेनियाचं पावणं, काय म्हणतीया तुमची भाषा?" आणि ती थांबून खरंच सांगायची. त्या सगळ्या शब्दांत मिळून तिला एक वाक्य येत नव्हतं. पण ते कुणी विचारलं नव्हतं.

घरी मांडव दाराशीच घातलेला. वडील खुर्च्या आणायला गेलेले, वहिनी शेजारी फुलांची वाडी बांधून घ्यायला. आई आणि आक्का दोघी पुरणाला बसल्या होत्या, आणि सकाळपासून चारदा झालेला तोच विषय पुन्हा चालला होता, की राजवीर व्हिडिओवर येणार तेव्हा फोन कुठं उभा करायचा. "दादाच्या फोनवरनं द्रिताआजीचा मेसेज आलाय," निशिगंधा चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, आणि आवाज मोठा करून लावला. म्हातारीचा आवाज स्वयंपाकघरात आला, भिंतीवरच्या टाइल्सवर आपटला, कुकरभोवती फिरला. आईनं हात थांबवला. "काय म्हणतीया?" दोघींच्या नजरा तिच्यावर. किती सोपं होतं त्या वेळी 'मला कळलं नाही' म्हणणं. पाच शब्द पण नाहीत. पण दोन बायका आपल्या तोंडाकडं बघताहेत, आपण बोलेपर्यंत जग थांबलंय, ही चव नवी होती आणि जिभेवरनं सुटत नव्हती. "मला हाक मारतीया, मोतर म्हणून," ती म्हणाली. "आणि नुसे म्हणतीया, म्हणजे वहिनी. नवरीसाठी रात्रभर काहीतरी... आशीर्वाद देतीया गं आई. त्यांच्यात असं गाऊनच देत असतील." तिनं हे सांगितलं आणि सांगितल्याबरोबर ते खरं झालं. आईनं पुरणाचे हात तसेच जोडले, फोनला. "तिला म्हणावं, माय, माझ्या लेकराला सांभाळ." आक्का म्हणाली, "रक्ताची ना नात्याची, पर म्हातारीला कळतंय बघा. आणि हितं तुझी सख्खी जाऊ बी आली न्हाई अजून." मग दोघी पुन्हा पुरणाकडं वळल्या आणि निशिगंधा दारातच उभी राहिली, एका पायात चप्पल.

काय बोचत होतं? ती खोलीत गेली, बांगड्या कपाटात ठेवल्या, पुन्हा बाहेर आली. म्हातारी मधेमधे एक शब्द म्हणाली होती. व्दिच का व्दिक, असा काहीसा, घशात अडकलेला. तो तिच्या तक्त्यात नव्हता, आणि तोच सगळ्यात जास्त वेळा होता. तो शब्द येण्याआधी म्हातारी श्वास घ्यायची. दादा तिचं हसून हसून सांगायचा की द्रिताआजी न थांबता बोलते, आगगाडीसारखी. मग श्वास का घेत होती? तिला एकदम कासाराचं दुकान आठवलं, आपली वळलेली मूठ. मुठीला आधीच कळलं होतं की काय? छे, असं काही नसतं, तिनं स्वतःला त्रिशला मॅडमच्या आवाजात बजावलं, पुरावा लागतो. वहिनीचा फोन टीव्हीशेजारी चार्जिंगला होता. तिनं तो काढून घेतला, न्हाणीघरात गेली, कडी लावली. नळाची धार सोडली आणि पुन्हा बंद केली, कारण मग ऐकू येणार नव्हतं. उलट्या बादलीवर दोन फोन समोरासमोर ठेवले. एक बोलणारा, एक ऐकणारा. वहिनीच्या स्क्रीनवर दादा आणि वहिनी रंकाळ्यावर, दादाच्या हातात कणीस. त्या दोघांच्या तोंडावर भाषांतराचा पांढरा चौकोन उघडला, आणि म्हातारी पुन्हा बोलू लागली, आणि यंत्र एकेक ओळ मराठीत टाकू लागलं. बहीण. अरे बहीण. मुलगा मचाणावरून पडला. काल संध्याकाळी. डॉक्टर होते. रात्री मुलगा मेला. मेला. मेला. मी त्याच्याबरोबर बसले, एकटा सोडला नाही. तुझं नाव एकच मला वाचता येते. नवरीला हळू सांग.

तिनं ते वाचलं. मग 'मचाण' हा शब्द किती चुकीचा आहे असा विचार तिच्या मनात आला, आणि असा विचार आपल्याला आत्ता सुचतो याचीच तिला भीती वाटली. मचाण शेतात असतं, पाखरं हाकायला. इमारतीला परांची म्हणतात. यंत्राला काही कळत नाही. यंत्राचं चुकलं असेल. तिनं पुन्हा लावलं. या वेळी 'मुलगा'च्या जागी 'पोरगा' आला, 'मेला' तसाच राहिला. मरणाचा शब्द तिनं कधी दादाला विचारलाच नव्हता. कशाला विचारेल? तिला वाटायचं जगात सगळीकडं मरणाच्या पोटात म असतो. मृत्यू, मरण, मौत. आलाच समोर तर आपण लांबूनच ओळखू. तो व्दिच असा व घालून आला आणि तिच्या शेजारी बसला, बसमध्ये तिच्याबरोबर टेंबलाईवाडीपर्यंत आला, स्वयंपाकघरात आईनं त्याला हात जोडले. तुझं नाव एकच मला वाचता येते. दादानं तिचा नंबर 'मोतर' या नावानं, त्यांच्या लिपीत ठेवला होता, गंमत म्हणून. बाकीची नावं मराठीत. म्हातारीनं त्या फोनमध्ये किती वेळ हुडकलं असेल. निशिगंधानं वहिनीच्या फोनमधला तो चौकोन पुसला. दादा आणि कणीस पुन्हा दिसायला लागले. बाहेरनं आक्का ओरडली, "निशे, न्हाणीत घर बांधतीयास व्हय? वाती कर ये समईच्या!"

ती बाहेर आली आणि वातींना हात लावला नाही. तिला सयाजीमामा आठवले होते, आक्काचे दीर. ते चंदगडला आषाढात वारले तेव्हा घाट बंद, एसट्या बंद, फोन बंद. निरोप इकडं पोचेपर्यंत चार दिवस गेले होते आणि त्या चार दिवसांत इथं सगळ्यांनी वाढदिवसाचा केक खाल्ला होता, आक्कानंसुद्धा. निशिगंधानं तेव्हा घाबरून विचारलेलं, "आक्का, आपल्याला पाप लागलं का गं?" आणि आक्का म्हणाली होती, "खुळी का काय! कानावर पडल्याबिगर सुतक लागत न्हाई. कळल्यापास्नं धरायचं. देवाला बी तेवढी अक्कल हाय." म्हणजे आत्ता या घरात एकट्या तिला सुतक होतं. तिनं हात मागं बांधले. देव्हाऱ्यापासनं लांब झाली, पुरणाच्या परातीपासनं, नारळांच्या रांगेपासनं, आईपासनंसुद्धा. पण थांब, कानावर तर सकाळीच पडलं होतं, तिघींच्या! आईच्या पण, आक्काच्या पण. कानावर पडलं आणि कळलं नाही, त्याचं काय करायचं? ते कुठल्या दिवसापासनं धरायचं? हा प्रश्न तिला इतका नीट, इतका शाळेसारखा पडला की काही क्षण ती त्याच्याच आडोशाला उभी राहिली, आणि तिथं बरं वाटलं. मग तिथूनच दुसरी गोष्ट सुचली. जोवर ती सांगत नाही तोवर त्यांना कळलेलं नाही. कळलं नाही तर लागलं नाही. लागलं नाही तर झालं नाही. आईचा राजवीर अजून तिकडं उठून तोंड धुतोय, वहिनी अजून कुणाची तरी बायको आहे. हे सगळं फक्त आपल्या दोन कानांच्या आत कोंडलेलं आहे आणि दार आपल्या हातात आहे. आजचा दिवस. नुसता आजचा. वहिनीला एकदा तरी हिरवी साडी नेसून झोपाळ्यावर बसू दे. म्हातारीनंच म्हटलंय ना, हळू सांग. हळू म्हणजे किती हळू, ते कुठं म्हटलंय?

वडील खुर्च्या घेऊन आले. दंडावर काजळी, फौंड्रीतली, रविवारी पण न निघणारी. "तोंड का उतरलंय गं?" त्यांनी विचारलं. "भूक लागलीया," ती म्हणाली. त्यांनी खिशातनं श्रीखंडाची गोळी काढून दिली आणि तिनं ती तोंडात टाकली, कारण हातात धरून ठेवली असती तर त्यांनी पुन्हा विचारलं असतं. ती गोळी विरघळेपर्यंत तिला वाटत राहिलं की आता आपण ओरडणार. गोळी विरघळली. ती ओरडली नाही. आपण हे करू शकतो, हे कळून तिला पहिल्यांदा स्वतःची किळस आली.

चार वाजता बायका जमल्या. वहिनी झोपाळ्यावर बसली, अनुजा, हुपरीची, चांदीच्या घुंगरांचे सांधे डाग देऊन जोडत वाढलेली, कमी बोलणारी. मोगऱ्याच्या बाजूबंदांत तिचे दंड गोल दिसत होते. तिच्या आईनं हुपरीहून स्वतः घडवलेले पैंजण पाठवले होते. कुणीतरी डोहाळ्याचं गाणं धरलं, कुणीतरी चाल विसरली, सगळ्या खिदळल्या. एका वाटीखाली पेढा, एका वाटीखाली बर्फी, वहिनीनं वाटी उचलली, पेढा निघाला, "पोरगा! बापासारखा नकटा!" असा गलका झाला. निशिगंधा दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती, हात मागं. "करवले, तिथं काय करतीयास? ये की, ओटी भर वहिनीची," आई म्हणाली. "मी नंतर," ती म्हणाली. आईनं भरली. मग आक्कानं एकेकीला बोलावलं तशी गल्लीतल्या बायकांनी भरली. तांदूळ, खोबरं, हळकुंड, नारळ. वहिनीचा पदर जड होत होत खाली झुकला, तिनं दोन्ही हातांनी तो सावरून धरला. प्रत्येक ओंजळीला निशिगंधा स्वतःला म्हणत होती. आत्ता सांग. हे झाल्यावर. आत्ता. ही एक बाई झाल्यावर. वडील बाहेर मांडवात फोन घेऊन फेऱ्या घालत होते, "उचलंना की ह्यो! झोपलाय का काय?"

"त्यो उचलंल तवा उचलंल," आक्का म्हणाली, "तवर त्या म्हातारीचा आशीर्वाद तरी लावा. निशे, लाव की! अहो, तिकडची बाई, आमच्या सुनंसाठी रातभर गात बसली." बायका पुढं सरकल्या. "लाव गं, लाव! बघू तरी अल्बेनियाचं गाणं!" निशिगंधा म्हणाली की चार्जिंग संपलंय. शेजारच्या काकूंनी तिच्या हातातनं फोन काढून घेतला, बघितला, "ह्यात तर निम्मं हाय की!" म्हणाल्या आणि तो वहिनीच्या कानाशी धरला, कारण वहिनीचे हात पदरात अडकलेले. "तूच ऐक पयला. तुझाच हाय." वहिनीनं सकाळी तो ऐकला नव्हता. तिनं मान तिरकी केली, मोगरा फोनला लागला. म्हातारीचा आवाज त्या काचेतनं बारीक होऊन बाहेर येत होता, बायकांना नीट ऐकू येईना, त्या एकमेकींना कोपरांनी ढोसत होत्या. "काय म्हणतीया गं? पोरगा का पोरगी?" वहिनीच्या ओठांवर अगोदर ते लाजलेलं हसू होतं. ते गेलं नाही. नुसतं त्याच्यातनं काहीतरी निघून गेलं आणि ते तसंच चेहऱ्यावर राहिलं. तिला त्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. मोतर नाही, नुसे नाही. तक्ता लावला त्या दिवशी तिनं फक्त म्हटलं होतं, रंग छान भरलेस. तिनं मेसेज शेवटपर्यंत ऐकला.

"ही रडतीया," वहिनी म्हणाली.

"तिकडं असंच गात्यात गं," आक्का म्हणाली. "निशीनं सांगितलं की सकाळी."

"न्हाई आत्याबाई. बाई रडतीया." तिनं मान उचलली आणि बायकांच्या खांद्यांवरनं, डोक्यांवरनं, थेट दाराच्या चौकटीकडं बघितलं. काय झालं, असं ती विचारेल म्हणून निशिगंधानं उत्तर तयार ठेवलं होतं, दुपारपासनं ठेवलं होतं, हळू, अगदी हळू, आधी पडला मग दवाखाना मग. पण वहिनीनं ते विचारलंच नाही. "तुला कवा कळलं, निशू?"

गाणं म्हणणाऱ्या बाया अजून हसत होत्या, एकीलाही अजून काही उमगलं नव्हतं. आई निशिगंधाकडं वळली. बाहेर वडलांनी पुन्हा राजवीरचा नंबर लावला असावा; तिकडं कुठंतरी, समुद्राकाठी, त्याचा फोन वाजत असणार.

"मघाशी," निशिगंधा म्हणाली.

"मघाशी म्हंजे ओटीच्या आधी?"

तिनं मान हलवली. व्हय.

वहिनीनं उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसली. झोपाळा हलला. पदरात तांदूळ होते, सहा-सात नारळ होते; उठली असती तर सगळं सांडलं असतं, आणि भरली ओटी सांडू देऊ नये हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की तिचे हात काही केल्या सुटेनात. ती त्या हातांकडं बघत राहिली, कुणा दुसऱ्याचे असल्यासारखी. आईचा आवाज निघाला, शब्द नव्हताच तो, कुठल्याच भाषेतला. बायका मागं सरल्या. कुंकवाचं ताट घेऊन उभी असलेली आक्कासुद्धा एक पाऊल मागं गेली.

"कुणीतरी धरा की गं हे," वहिनी म्हणाली, "मला उठायचं हाय."

कुणी पुढं झालं नाही. निशिगंधानं मागं बांधलेले हात सोडले.